काट्यावरचं वजन शीटमध्ये कोणी बदललं?

"ताई, माहं वजन कमी काऊन झालं वो?" २०२४ च्या सोयाबीन खरेदीत एक काका पावती घेऊन आमच्या खरेदी केंद्राच्या दारातच उभे राहिले. पावतीवर १८.४० क्विंटल, आमच्या गूगल शीटमध्ये १४.८०. चार आणि आठनं जागा बदलल्या होत्या. ४,८९२ रुपये हमीभावानं घोळ १७,६११ रुपयांचा! आमची शीट पाच जण भरतात, त्यामुळे बोट कोणाकडे दाखवायचं?

मी आधी रकमेच्या चौकटीवर (सेलवर) शोधत बसले आणि तिथंच फसले. रक्कम फॉर्म्युल्यानं येते, अन् फॉर्म्युल्यानं आपोआप बदललेला आकडा इतिहासात दिसत नाही. हातानं भरलेली चौकट गाठा, म्हणजे इथं वजनाची. तिच्यावर राइट क्लिक करून 'शो एडिट हिस्टरी' निवडा. छोटी खिडकी उघडते. तीत बदल कोणी केला, केव्हा केला आणि आधी काय होतं, सगळं येतं. वरच्या बाणांनी आणखी मागं जाता येतं. मी हे लॅपटॉपवरच करते. शीट फक्त पाहायची परवानगी असेल तर हा इतिहास दिसत नाही, एडिटची लागते.

तर काय दिसलं? १८.४० चं १४.८० केलं होतं दुपारी सव्वाला, आणि नाव माझंच! त्या वेळी मी कारंज्याला बँकेच्या रांगेत उभी होते. काट्यावरच्या फोनमध्ये माझंच खातं उघडं ठेवलेलं, त्यामुळे तिथं बसणारा जो कोणी आकडा दाबेल तो माझ्या नावावर. त्याच दिवशी प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या जीमेलवर शीट शेअर केली. 'एनीवन विथ द लिंक'ला, म्हणजे लिंक असलेल्या कोणालाही, एडिटची मुभा दिली असेल तर ती आधी काढा. लॉगिन न करता कोणी बदल केला, तर नावाच्या जागी नुसतं 'अनॉनिमस' येतं. मग बसा कपाळाला हात लावून.

ओळच कोणी उडवली असेल, किंवा चौकटीचा नुसता रंग बदलला असेल, तर चौकटीच्या इतिहासावर विसंबू नका. त्यासाठी फाइल मेनूत 'व्हर्जन हिस्टरी' आहे. तिथून जुनी प्रत उघडून हवा तो आकडा पाहा आणि आजच्या शीटमध्ये हातानं भरा. 'रिस्टोअर' मात्र घाईनं दाबू नका बाप्पा, सगळी शीट मागं जाते, त्यानंतर चढवलेल्या नोंदीही समोरून गायब होतात.

आता संध्याकाळी काटा बंद झाला, पावत्या जुळल्या, की त्या दिवसाच्या ओळी मी निवडते आणि 'डेटा' मेनूतल्या 'प्रोटेक्ट शीट्स अँड रेंजेस'नं कुलूप लावते. किल्ली माझ्याकडे आणि सचिवांकडे.