टनाला तीनशे मिलिग्रॅम उतारा

आमचं घर शिरोळ तालुक्यात, उसाच्या पट्ट्यात. एम.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेऊन मी समुद्री स्पंजाच्या मागं लागले तेव्हा घरी पहिला प्रश्न आला, कोल्हापुरात समुद्र कुठला? खरं आहे. पण गगनबावड्याचा घाट उतरलं की चारेक तासांत मालवणचा किनारा येतो. उरलेलं बरंचसं काम समुद्रात नसतंच, ते प्रयोगशाळेत असतं. या विषयात यायचं म्हणणाऱ्या मुलामुलींसाठी, मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं ते लिहिते.

स्पंज हा प्राणी आहे. अंगभर बारीक छिद्रं, त्यातून पाणी आत येतं, आतल्या पेशी त्यातलं अन्न गाळून घेतात आणि पाणी वरच्या मोठ्या तोंडातून बाहेर पडतं. पळता येत नाही, कवच नाही, म्हणून कित्येक स्पंज रसायनांच्या जोरावर जगतात. काही रसायनं तर त्यांच्या अंगात राहणारे जिवाणूच बनवतात. औषधवाल्यांची नजर आहे ती या रसायनांवर. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरच्या एका स्पंजात 1950 च्या सुमारास वेगळ्याच घडणीचे न्यूक्लिओसाइड, म्हणजे डीएनएच्या घटकांसारखे रेणू, सापडले. त्यांच्या धर्तीवर रक्ताच्या कर्करोगावरचं सायटाराबिन तयार झालं आणि 1969 मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

एका सुट्टीत गावी उसाची लावण चालली होती. आण्णांना मी सांगत होते की स्पंजाचे तुकडे करून दोराला बांधून समुद्रात सोडले तर प्रत्येक तुकड्याचा नवा स्पंज होतो. हातातली कांडी खाली ठेवून ते म्हणाले, "मग ही कांडीच की. डोळा कुठं असतो?"

"डोळा नसतोच, आण्णा. कुठनंही फुटतं. आणि बुडका खडकाला ठेवला तर तोही परत वाढतो."

"म्हंजे खोडवा बी येतोय. आणि उतारा किती पडतो?"

तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. या सगळ्या विषयाची गोम तिथंच आहे. आपल्याकडं टनभर उसाला सव्वाशे किलोच्या आसपास साखर पडते. न्यूझीलंडच्या कैकौराजवळच्या लिसोडेंडोरिक्स या स्पंजाचा एक टन काढला, तेव्हा हॅलिकॉन्ड्रिन बी हे कर्करोगाच्या पेशींना मारणारं रसायन मिळालं सुमारे तीनशे मिलिग्रॅम. मूळ शोध जपानमधल्या स्पंजातला, हिराता आणि उएमुरा या रसायनशास्त्रज्ञांचा, 1986 चा. समुद्रातून टनावारी स्पंज ओरबाडून औषध करायचं म्हटलं तर तो स्पंजच संपेल. म्हणून तिथं त्याची शेती करून बघितली आणि शेतातल्या स्पंजातही ते रसायन उतरलं. दरम्यान 1992 मध्ये रसायनशास्त्रज्ञ किशी यांनी तो रेणू प्रयोगशाळेत बांधला. त्याच्याच सुटसुटीत रूपातून आलेलं एरिब्युलिन 2010 पासून स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगावर वापरतात, आणि ते पूर्णपणे कारखान्यात बनतं.

मग शेती कशाला? हे मुलाखतीत विचारतात, आणि विचारायलाच हवं. माझं मत असं, की नवा रेणू हाती लागल्यावर त्याच्या चाचण्यांसाठी सुरुवातीचे काही ग्रॅम जमवणं हेच सगळ्यात अवघड असतं. तिथं शेतीला तोड नाही. शेतीतून थेट गोळ्या बनतील अशा आशेनं मात्र येऊ नका.

माझी पहिली मोठी चूक पाण्यातून स्पंज वर उचलण्याची. रीतसर परवानगीनं घेतलेला नारिंगी नमुना, दोन मिनिटं हातात धरून कौतुकानं बघितला आणि बादलीत सोडला. कित्येक जातींना हवा सोसत नाही. नळ्यांत बुडबुडे अडकतात आणि पाणी फिरायचं थांबतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बादलीला जो वास होता तो आजही आठवतो. तेव्हापासून कापणं, बांधणं, डब्यात भरणं सगळं पाण्याखालीच. पातं धारदार हवं, तुकडा दाबायचा नाही, तंगूस ओवताना घाई करायची नाही. हातमोजे घालाच, काही जातींच्या अंगातल्या, सांगाड्याच्या बारीक सुया कातडीत शिरल्या की दिवसभर आग होते.

कोकण किनाऱ्याची अडचण वेगळी. पावसाळ्यात पाणी गोडं आणि गढूळ होतं, लाटांपुढं दोर टिकत नाही. मे संपायच्या आत आम्हाला सगळं काढून घ्यावं लागलं. म्हणजे हंगाम आठ महिन्यांचाच धरायचा.

कोल्हापुरात बसून काय शिकता येईल? पुष्कळ. स्पंजाची जात त्याच्या सुयांवरून ठरते. मसुराएवढा तुकडा काचेच्या बशीत घेऊन त्यावर हायपोक्लोराइटचे (ब्लीचच्या द्रावणाचे) थेंब टाका. मांस विरघळतं आणि तळाशी पांढरी भुकटी उरते. ती सूक्ष्मदर्शकाखाली घेतली की काचेचे त्रिशूळ, टाचण्या, नांगर दिसायला लागतात. आम्लाच्या थेंबानं सुया फसफसल्या तर त्या चुन्याच्या. चुन्याच्या सुयांचे सगळे स्पंज 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आले, त्यामुळे ही ओळख पक्की हवी. मालवणच्या सागरी अभयारण्यातून तर परवानगीशिवाय काहीही उचलायचं नाही.

बी.एस्सी.ला प्राणिशास्त्राबरोबर रसायनशास्त्र सोडू नका. ते सोडल्याचा मला पुढं फार त्रास झाला; अर्क काढणं आणि क्रोमॅटोग्राफी (मिश्रणातली रसायनं वेगळी करण्याची पद्धत) मी उशिरा, रडतखडत शिकले. बारावीनंतरच ठरलं असेल तर रत्नागिरीजवळ शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे. शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करणाऱ्यांनी गोव्यातल्या दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था यांच्याकडं प्रकल्पाची चौकशी वर्षाच्या सुरुवातीलाच करावी. संशोधनवृत्ती हवी तर नेट परीक्षेची तयारी. आणि पोहणं. रंकाळ्याच्या गावची पोरं आपण, पण मला तेविसाव्या वर्षापर्यंत पोहता येत नव्हतं.

अर्ज करण्याआधी एक करा. हिवाळ्यात अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला एखाद्या खडकाळ किनाऱ्यावर जा. डबक्यातल्या स्पंजाला हात लावू नका, नुसतं गुडघ्यावर बसून त्याच्या वरच्या तोंडाकडं बघत राहा. पाणी निवळ असेल तर थोड्या वेळानं त्या भोकातून बारीक कण वर उडताना दिसतात.