पानगळीचे फोटो दाखवताना आणि त्यांवर मत देताना या चुका टाळा

पानगळीच्या फोटोंत सगळ्यात जास्त दिसणारा दोष म्हणजे भडक लाल. झाडाखाली उभं असताना मन भरून आलेलं असतं. घरी येऊन पाहिलं तर फोटो फिका वाटतो, मग सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा गडदपणा, वाढवलं जातं आणि पानांचा नुसता रंगाचा गोळा होतो. ना शिरा दिसतात, ना कडा.

जेपेग फाइलमध्ये लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येक रंगाला 0 ते 255 एवढीच जागा असते. उन्हातल्या लाल पानांत लाल रंग बाकी दोघांच्या कितीतरी आधी 255 ला टेकतो, आणि तिथला तपशील गेला की गेलाच. उजेडाचा एकत्रित हिस्टोग्राम (गडद ते उजळ भाग किती आहेत हे दाखवणारा आलेख) मात्र व्यवस्थित दिसत राहतो, म्हणून फसायला होतं. तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम वेगवेगळे पाहायची सवय लावा. फोटो काढतानाच एक्सपोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, अर्धा-पाऊण स्टॉप कमी ठेवलं (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) तर पुढचा बराच त्रास वाचतो.

मुळात फोटो फिका का आला, हे आधी शोधावं. बहुतेकदा दोष पानांवरच्या चकाकीचा असतो. गुळगुळीत पानावर आकाश परावर्तित होतं आणि रंगावर पांढुरकी साय धरते. पावसानंतर तर हे हमखास होतं. पोलरायझर फिल्टर फिरवून ही चकाकी बरीच कमी करता येते. मोबाइलवर फिल्टर नसेल तर पान तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये येईल असे उभे राहा. मागून उजेड आलेलं पान आतून उजळतं. दुसरं कारण ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाची रंगछटा आपोआप काढून टाकणारं कॅमेऱ्याचं सेटिंग. संध्याकाळचं सोनेरी ऊन त्याला चूक वाटते आणि तो ती ‘सुधारतो’. सेटिंग ‘डेलाइट’वर ठेवा.

रंग बदलायची पट्टी ओढून सगळी हिरवळ केशरी करणं मला अजिबात पटत नाही. पानातला पिवळा आधीपासूनच असतो, हरितद्रव्य ओसरलं की तो उघडा पडतो. लाल रंग अनेक झाडांत याच दिवसांत पानातल्या साखरेपासून तयार होतो. म्हणून एकाच फांदीवर हिरवं, पिवळं आणि लाल एकत्र नांदतं. ते मिश्रण पुसलं की ऋतूच पुसला जातो.

फोटो पाठवताना दोन गोष्टी तपासा. फाइलमधले रंग अ‍ॅडोबी आरजीबी या पद्धतीने नोंदलेले असतील तर काही ठिकाणी ती मळकट दिसते. सगळीकडे चालणाऱ्या एसआरजीबी पद्धतीत काढलेली प्रत द्या. आणि फोटोत घरटं किंवा दुर्मीळ फूल असेल तर फाइलमधली जागेची नोंद काढून टाका. त्या नोंदीवरून कोणीही थेट तिथे पोहोचू शकतं. एकाच झाडाचे नऊ फोटो टाकू नका, एक निवडा. निवडणं जड जातं खरं, पण ते काम पाहणाऱ्यावर ढकलू नये.

आता मत देणाऱ्यांविषयी. ‘अप्रतिम!’ वाचून बरं वाटतं, हाती काही लागत नाही. ‘विषय तिसऱ्या भागाच्या रेषेवर नाही’ (फोटोचे तीन समान भाग पाडून विषय त्यांच्या रेषेवर ठेवायचा, हा ठरीव नियम) हेही तितकंच निरुपयोगी, कारण त्यात फोटो पाहिलाच गेलेला नसतो. नजर आधी कुठे गेली आणि पुढे कुठे अडकली, ते सांगा. ‘वरच्या कोपऱ्यातला पांढरा आकाशाचा तुकडा मला सारखा खेचतोय, तो क्रॉप केला तर पायवाट दिसेल’ एवढं एक वाक्य पुरतं. दुसऱ्याचा फोटो न विचारता स्वतः सुधारून परत पाठवू नका.

आणि आधी एक प्रश्न विचारा: तुम्हाला काय दाखवायचं होतं? मी एकदा धुक्यातल्या झाडांचा फोटो पाहून लगेच ‘कॉन्ट्रास्ट वाढवा’ असं लिहिलं होतं. फोटो काढणारी व्यक्ती त्या धुक्यासाठी सलग तीन दिवस पहाटे जाऊन बसली होती. मी जे वाढवायला सांगत होतो, त्याने नेमकं तेच धुकं नाहीसं झालं असतं.