घरकुलाचा हप्ता अडला? या चुका टाळा

प्रधानमंत्री आवास योजनेच्या (ग्रामीण) घरकुलाची यादी लागली की गावात दुसऱ्याच दिवशी कुणीतरी जुनं घर उतरवायला घेतं. पावसाळ्याआधी पाया भरून घ्यावा, गवंडी मोकळा आहे तोवर काम उरकावं, हा हिशेब त्यामागे असतो आणि तो समजण्यासारखा आहे. पण यादीत नाव लागणं म्हणजे मंजुरी नव्हे. मधे नोंदणी आहे, पडताळणी आहे. तुम्ही आज राहता त्या घराचा आणि नवं घर जिथे होणार त्या जागेचा फोटो मोबाइल ॲपवर काढला जातो आणि जागेचे अक्षांश-रेखांशही त्यासोबत नोंदले जातात. आधीच घर पाडलं, तर कच्च्या घराचा पुरावाच हातचा जातो. पुढचे कित्येक महिने पत्र्याच्या आडोशाला काढावे लागतात, ते वेगळंच. मंजुरीचा आदेश हातात येईपर्यंत जुन्या घराच्या एका कौलालाही हात लावू नका.

फोटोसोबतच्या या जागेच्या नोंदीवरून, म्हणजे जिओ टॅगिंगवरून, आणखी एक घोळ होतो. फोटो काढला एका जागेचा आणि बांधलं दुसरीकडे. कारण काय, तर रस्त्याच्या कडेची जागा बरी वाटली किंवा भावाने ऐनवेळी हरकत घेतली. पाया, भिंती, छत अशा प्रत्येक टप्प्यावर त्याच जागेचा फोटो लागतो. जागा बदलली की हप्ता अडतो, आणि अभियंत्याच्या हातात तेव्हा फारसं काही उरत नाही. म्हणून नोंदणीआधीच नमुना ८ चा, म्हणजे ग्रामपंचायतीतल्या घर-जागेच्या नोंदीचा, उतारा काढून वाचा. त्यावर अजून आजोबांचं नाव असेल, तर भावाभावांची लेखी संमती तेव्हाच घ्या. जोतं वर आल्यावर संमती मागायला गेलं की घरातली जुनी भांडणंही वर येतात. ज्यांना स्वतःची जागाच नाही, त्यांच्यासाठी राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे. तिच्यातून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी १ लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. हे बऱ्याच लोकांना कुणी सांगतच नाही.

पाया मोठा, पैसा छोटा

मला सगळ्यात जास्त वाईट या चुकीचं वाटतं, कारण ती माणूस हौसेने करतो.

आमच्या भावकीतल्या एका दादांनी घरकुल मंजूर झाल्यावर ६०० चौरस फुटांचा पाया आखला. "पोरांची लग्नं व्हायचीत, एकदाच काय ते बांधू," असं म्हणाले. जोत्यापर्यंत काम झालं, खिडकीपर्यंत भिंती आल्या आणि पैसा संपला. तीन पावसाळे ते घर तसंच उभं होतं. कॉलमच्या सळयांना वहिनींनी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या गुंडाळून सुतळीने बांधल्या होत्या, गंज चढू नये म्हणून. आत बाभळी उगवल्या. शेवटी सावकाराकडून पैसे उचलून पत्रे टाकले.

योजनेत घराचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर आहे, म्हणजे साधारण २७० चौरस फूट. स्वयंपाकाची जागा त्यातच धरलेली आहे. केंद्राच्या निकषाप्रमाणे मदत सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ व दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये. महाराष्ट्राने २०२५ मध्ये त्यावर ५० हजारांची भर घातली, पण त्यातले १५ हजार छतावरच्या सौर पॅनेलसाठी आहेत. म्हणजे भिंती आणि छताला धरायचे ते ३५ हजारच. हा हिशेब गवंड्यासोबत बसून पाया आखण्याआधी करा. आधी २७० फुटांचं घर छतासकट पुरं करा. वाढवायचं असेल त्या बाजूला मोकळी जागा आणि सळयांची टोकं ठेवा, पुढे हातात पैसा आला की खोली जोडता येते. अर्धवट घराला शेवटचा हप्ता मिळत नाही, आणि मंजुरीपासून १२ महिन्यांत घर पूर्ण व्हावं अशी योजनेची अपेक्षा आहे.

हक्काचे पैसे मागितलेच जात नाहीत

हप्त्यांवर सगळ्यांचं लक्ष असतं, मजुरीवर कुणाचंच नसतं. स्वतःच्या घरकुलावर केलेल्या अकुशल कामासाठी रोजगार हमीतून सपाट भागात ९० आणि डोंगराळ भागात ९५ दिवसांची मजुरी धरलेली आहे. महाराष्ट्रात २०२५-२६ साली रोजचा दर ३१२ रुपये होता. त्या दराने ९० दिवसांचे २८,०८० रुपये होतात. एवढ्यात छताचं बरंच लोखंड येतं. पण जॉब कार्ड काढलेलं नसतं, कामाची मागणी नोंदवलेली नसते. काम संपल्यावर मस्टर, म्हणजे मजुरांचं हजेरीपत्रक, निघत नाही. पाया खोदायच्या आधीच रोजगार सेवकाकडे जाऊन मस्टर काढायला लावा आणि ते पुढेही चालू आहे ना, हे दर आठवड्याला विचारा.

शौचालयाचे १२ हजार वेगळे असतात, तेही मागा. घरकुलासाठी ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याचं राज्याचं धोरण आहे. त्यासाठी तहसीलमध्ये अर्ज करा. विकतची वाळू टाकून झाल्यावर मोफत वाळूचा पास मिळून काय उपयोग?

पैसे जमा झाले, पण कुठे?

मावशीच्या पहिल्या हप्त्याची गोष्ट सांगते. कागदोपत्री पैसे जमा. पासबुक घेऊन ती बँकेत चार खेपा घालून आली, खात्यात काहीच नाही. कार्यालयात उत्तर एकच, "आमच्याकडून गेले." घरातली सगळी पासबुकं जमिनीवर मांडून बसलो तेव्हा उलगडा झाला. दोन वर्षांपूर्वी बचत गटासाठी तिने दुसऱ्या बँकेत खातं उघडलं होतं आणि तिथे आधार दिलं होतं. आधारवर पाठवलेली सरकारी रक्कम ज्या खात्याशी आधार शेवटचं जोडलं गेलं त्या खात्यात जाते. अर्जासोबत कुठल्या पासबुकाची झेरॉक्स लावली, याने त्यात फरक पडत नाही. पैसे त्या दुसऱ्या खात्यात सुखरूप होते. मावशी मात्र महिनाभर झोपली नव्हती.

आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती, म्हणजे आधार सध्या कुठल्या बँकेला जोडलंय ते, दिसते. मोबाइल नंबर आधारला जोडलेला असेल तर दोन मिनिटांचं काम आहे. पहिल्या हप्त्याआधी ते बघा आणि हप्ते चालू असेपर्यंत नवीन खात्याला आधार जोडू नका. नावाचंही तसंच. आधारवर सासरचं, बँकेत माहेरचं असं असेल तर आधी ते एक करून घ्या. घर बाईच्या नावावर किंवा नवरा-बायकोच्या जोडनावावर असावं, यावर या योजनेचा भर आहे, त्यामुळे तिची कागदं आधी तपासा.

शहरात कर्ज काढणाऱ्यांसाठी

शहरातले लोक आजही बँकेत जाऊन "ती २ लाख ६७ हजारांची सबसिडी" विचारतात. ती जुनी व्याज सवलत संपली, मध्यम उत्पन्न गटासाठी मार्च २०२१ मध्ये आणि बाकीच्यांसाठी मार्च २०२२ मध्ये. १ सप्टेंबर २०२४ पासून प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० सुरू झाली, तिचे नियम वेगळे आहेत. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत. कर्जाच्या पहिल्या ८ लाखांवर व्याजात ४ टक्के सवलत, एकूण जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तीही पाच वार्षिक हप्त्यांत. बिल्डर "सबसिडी वजा करून" किंमत सांगत असेल, तर त्या आकड्यावर घराचं बजेट बसवू नका.

दोन गोष्टी इथे हमखास नडतात. पहिली, देशात कुठेही पक्कं घर नसावं ही अट पूर्ण कुटुंबाला आहे, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. बायकोच्या नावावर गावाकडे पक्कं घर असेल आणि अर्जात ते लपवलं, तर पडताळणीत ते निघू शकतं. दुसरी, सवलतीचा प्रत्येक हप्ता मिळताना कर्ज चालू असावं लागतं आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी असावं लागतं. शेत विकून किंवा बोनस आला म्हणून घाईने कर्ज फेडणाऱ्यांचे पुढचे हप्ते बंद होतात. कर्ज लवकर फेडण्यात वाचणारं व्याज आणि उरलेले ३६-३६ हजार, दोन्ही कागदावर शेजारी शेजारी मांडा आणि मगच ठरवा.

म्हाडाच्या सोडतीबद्दल थोडक्यात. अधिवास प्रमाणपत्र १ जानेवारी २०१८ नंतरचं, बारकोड असलेलं लागतं. ते जाहिरात यायच्या आधीच काढून ठेवा, कारण जाहिरात आली की सेतू केंद्रात रांगा लागतात. उत्पन्न नवरा-बायको दोघांचं मिळून धरा, चुकीच्या गटात अर्ज भरला तर लागलेलं घरही हातून जातं. आणि म्हाडाने कुणालाही एजंट नेमलेलं नाही. "आतून करून देतो" म्हणणाऱ्याला दिलेले पैसे परत मिळालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.