लाइट गेली की रेडिओ उघडतो: गावात लहरींच्या कलेचा कार्यक्रम कसा करावा

रेडिओवरील खरखर, दोन केंद्रांमधली रिकामी जागा, विजेचा कडाका आणि प्रकाशाच्या झोतावरून पाठवलेला आवाज यांनाच साहित्य मानून कला करणारी मंडळी जगात अनेक ठिकाणी आहेत. जपानमध्ये तेत्सुओ कोगावा यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला जेमतेम एका मोहल्ल्यापुरती पोहोचणारी छोटी एफएम केंद्रे उभी करण्याची चळवळ चालवली. अमेरिकेत 1997 साली ब्रुकलिनमध्ये सुरू झालेला असाच एक गट पुढे न्यूयॉर्क राज्यातील ॲक्रा या खेड्यात स्थिरावला. आज तो वेव्ह फार्म या नावाने ओळखला जातो आणि 2011 पासून आसपासच्या दोन ग्रामीण परगण्यांसाठी 90.7 एफएमवर स्वतःचे केंद्रही चालवतो. या दोन्ही उदाहरणांत कलाकारांच्या हाती ट्रान्समीटर होता. आपल्याकडे तो नसतो. तरीही गावात असा कार्यक्रम उत्तम होऊ शकतो, कारण या कलेला लागणारी मुख्य गोष्ट, म्हणजे लहरींच्या पातळीवरची शांतता, शहरापेक्षा गावात कितीतरी अधिक असते.

आधी कायद्याचे

भारतात परवान्याशिवाय रेडिओ लहरी प्रक्षेपित करता येत नाहीत. ऑनलाइन मिळणारा तळहाताएवढा एफएम ट्रान्समीटरही त्याला अपवाद नाही. 2006 च्या धोरणापासून ना-नफा संस्थांना सामुदायिक रेडिओचा परवाना मिळू शकतो आणि अशा केंद्राची प्रक्षेपणशक्ती साधारणपणे 100 वॉटपर्यंत मर्यादित असते. मात्र एका संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी या वाटेने जाण्यात अर्थ नाही. अगदी अल्प शक्तीच्या प्रयोगांना थोडी मोकळीक असावी, असे माझे मत आहे. परंतु जुन्नर तालुक्यातील खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या परिसरात एखाद्याने हौसेने ट्रान्समीटर सुरू केला तर काय होईल, याचा विचार केला की नियमामागचे कारणही पटते. ती दुर्बीण तेथे उभारताना जे निकष पाहिले गेले, त्यांत त्या भागातील माणसांनी केलेला रेडिओ-गोंगाट कमी असणे हा एक होता. म्हणून या लेखातील सर्व प्रयोग दोनच मार्गांनी होतात: रेडिओ ऐकून आणि प्रकाशावरून आवाज पाठवून. यांपैकी कशासाठीही परवाना लागत नाही.

साहित्य जमवणे

सहा ते आठ ट्रान्झिस्टर मिळवावेत. त्यांच्यावर एफएमबरोबर मीडियम वेव्ह म्हणजे एमडब्ल्यू असलेच पाहिजे, कारण मोबाइलमधला एफएम या कामाला उपयोगी नाही. जुने संच घराघरांच्या माळ्यावर पडलेले असतात. गावात कोणी जुना रेडिओ दुरुस्त करणारा असेल, तर त्याला पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावे, कारण बिघडलेल्या संचांमधले भाग पुढे लागणारच आहेत. सर्व संच सेलवर चालवावेत. विजेच्या अडॅप्टरवर चालणारा संच स्वतःच गुणगुणतो.

गावाचा आवाज-नकाशा

कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी दोन-तीन जणांनी एक ट्रान्झिस्टर घ्यावा, एमडब्ल्यूच्या पट्टीवर जेथे कोणतेही केंद्र नाही अशा जागी काटा ठेवावा आणि गावातून फिरावे. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, मोटारीचे स्टार्टर आणि डीपी यांपैकी प्रत्येकाची खरखर निराळी असते. कोणता आवाज कोठे येतो हे वहीत लिहावे. एखादा आवाज कोणत्या दिशेने येतो हे कळण्यासाठी रेडिओ आडवा धरून हळूहळू फिरवावा. आत लहरी पकडणारी फेराइटची दांडी असते आणि तिचे टोक उगमाकडे वळले की आवाज एकदम पडतो. दोन वेगवेगळ्या जागांवरून ही दिशा नोंदवली की उगम सापडतो. डीपीजवळ जाताना मात्र कुंपणाबाहेरच राहावे आणि लहान मुलांना तिकडे एकटे पाठवू नये.

या फेरीतला सर्वांत मोलाचा क्षण लाइट जाण्याचा असतो. गावठाणातील वीज बंद झाली की शेकडो दिवे आणि चार्जर एकाच वेळी गप्प होतात आणि क्षणापूर्वी नुसती घरघर करणाऱ्या जागेवर लांबचे एखादे केंद्र स्पष्ट बोलू लागते. शहरातील कलाकाराला ही संधी सहसा मिळत नाही. आपल्याला ती महावितरण अधूनमधून फुकट देते. म्हणून कार्यक्रमाचा दिवस ठरवताना वायरमनला विचारून गावठाणाची वीज बंद राहण्याची वेळ आणि शेतीपंपांची थ्री फेज येण्याची वेळ या दोन्ही लिहून घ्याव्यात. वेळ जुळलीच नाही, तर कार्यक्रमाच्या जागेभोवतीच्या चार-पाच घरांना पंधरा मिनिटे मेन स्विच बंद ठेवण्याची विनंती करावी. इन्व्हर्टर बंद करण्यास न विसरता सांगावे, नाहीतर सगळा खटाटोप वाया जातो.

प्रकाशावरून आवाज

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स समनर टेंटर यांनी 1880 साली वॉशिंग्टनमध्ये सूर्यप्रकाशाच्या झोतावरून बोलणे सुमारे 213 मीटर अंतरावर पोहोचवले होते. प्रकाश टिपण्यासाठी त्यांना सेलेनियम हे मूलद्रव्य वापरावे लागले. आपले काम सोलर कंदिलातून किंवा बागेतल्या सोलर दिव्यातून काढलेल्या छोट्या पॅनेलवर भागते.

पाठवण्याच्या बाजूला 9 व्होल्टची बॅटरी, 330 ओहमचा रेझिस्टर, एक पांढरा एलईडी आणि जुन्या ट्रान्झिस्टरमधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतो. या ट्रान्सफॉर्मरची एक बाजू साधारण 1000 ओहमची आणि दुसरी 8 ओहमची असते. बॅटरी, रेझिस्टर, 1000 ओहमची बाजू आणि एलईडी हे सर्व एकापाठोपाठ एका साखळीत जोडावेत. एलईडीचा लांब पाय बॅटरीच्या धन टोकाच्या दिशेने असावा. इतके झाले की एलईडी स्थिर प्रकाश देऊ लागतो. आता 8 ओहमची बाजू एखाद्या रेडिओच्या किंवा मोबाइलच्या इअरफोन सॉकेटला जोडावी आणि आवाज वाढवावा. एलईडी आवाजाबरोबर लुकलुकतो, पण तो इतक्या वेगाने की डोळ्याला फारसा फरक जाणवत नाही. एलईडी जुन्या टॉर्चच्या वाटीत बसवला, तर झोत एकवटतो आणि अंतर वाढते.

घेण्याच्या बाजूला पॅनेलच्या दोन तारा साध्या प्लगला सोल्डर कराव्यात, त्यांतल्या एका तारेत 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालावा आणि प्लग ॲम्प्लिफायरच्या माइकच्या सॉकेटमध्ये लावावा. गणपतीत वापरला जाणारा कोणताही ॲम्प्लिफायर चालतो. पॅनेल जितके लहान, तितके आवाजातले बारीक सूर चांगले टिकतात. पॅनेलभोवती हातभर लांबीचा पीव्हीसी पाइप बसवला की इतर दिव्यांचा उजेड अडतो. अंधारात, टॉर्चच्या वाटीसह, रस्त्याच्या एका बाजूच्या ओट्यावरून दुसऱ्या बाजूच्या ओट्यावर आवाज पोहोचवण्याचे लक्ष्य ठेवावे. अंतर वाढवण्याच्या मोहात लेसर वापरू नये. गर्दीत कोणाच्या डोळ्यात तो जाईल हे सांगता येत नाही.

जोडणी झाली की खरे काम सुरू होते. पाइप काढून पॅनेल वीजदिव्याकडे धरले, तर 100 हर्ट्झची गुणगुण ऐकू येते, कारण आपल्याकडील 50 हर्ट्झच्या विजेवर बल्ब सेकंदाला शंभर वेळा उजळतो आणि मंदावतो. टीव्हीचा रिमोट पॅनेलसमोर दाबला की प्रत्येक बटणाची टरटर ऐकू येते आणि मुले यावर तासभर रमतात. झोतासमोरून हात फिरवला की बोलणे तुकड्यातुकड्यांत येते. त्याहून सरस प्रयोग सायकलचा आहे. पॅनेलवर बोटभर लांब आणि 3 ते 4 मिलिमीटर रुंद फट ठेवून बाकीचा भाग पुठ्ठ्याने झाकावा, सायकल उलटी उभी करून तिचे पुढचे चाक झोताच्या मध्ये यावे अशी मांडणी करावी आणि फट स्पोकला समांतर ठेवावी. साध्या सायकलच्या पुढच्या चाकात 32 स्पोक असतात. चाक सेकंदाला तीनदा फिरले, तर झोत सेकंदाला 96 वेळा तुटतो आणि त्याचा एक जाडसर सूर तयार होतो. चाक मंदावत जाते तसा तो सूर उतरत जातो. गावातील भजनी मंडळाने या उतरत्या सुरावर पखवाजाचा ठेका धरण्याचा प्रयत्न करावा. ठेका बहुधा जुळत नाही, आणि न जुळण्यातच मौज आहे.

रेडिओंचे वृंदवादन

1951 साली जॉन केज या अमेरिकी संगीतकाराने 12 रेडिओ आणि 24 वादकांसाठी एक रचना केली. प्रत्येक रेडिओमागे दोघे होते: एक काटा फिरवणारा आणि दुसरा आवाज कमी-जास्त करणारा. ही विभागणी जशीच्या तशी उचलावी, कारण त्यामुळे एका संचावर दोन माणसांना एकमेकांकडे लक्ष द्यावे लागते. आजी आणि नात, सासू आणि सून, किंवा एरवी एकमेकांशी न बोलणारे दोन शेजारी अशा जोड्या मुद्दाम लावाव्यात.

मोठ्या कागदावर मिनिटांचे रकाने आखून प्रत्येक जोडीने कोणत्या मिनिटाला काट्याच्या कोणत्या भागात राहावे आणि आवाज किती ठेवावा हे लिहावे. कोणते केंद्र लागेल हे लिहू नये, ते त्या वेळची हवा ठरवील. सुरुवात सूर्यास्ताच्या सुमारे अर्धा तास आधी करावी. दिवसा वातावरणाच्या वरच्या भागात 60 ते 90 किलोमीटर उंचीवर असलेला थर मीडियम वेव्ह शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरू लागतो आणि लहरी त्याहून उंच थरावरून परतून शेकडो किलोमीटर दूर जातात. त्यामुळे कार्यक्रमाच्या पहिल्या दहा मिनिटांत जेथे नुसती खरखर होती, तेथे अखेरच्या दहा मिनिटांत कानडी, तेलुगू किंवा गुजराती बोलणे, क्वचित समुद्रापलीकडची भाषाही येऊ लागते. हा बदल लोकांना जाणवावा म्हणून मध्येच दोन मिनिटे सर्व संच एकाच जागी ठेवून पूर्ण स्वस्थ बसण्याचा रकाना ठेवावा. माझ्या मते वृंदवादनाचा हाच सर्वांत चांगला भाग असतो. ध्वनिक्षेपक वापरणार असाल, तर रात्री दहाच्या आत आटोपावे.

वळवाच्या दिवसांत

एप्रिल-मे महिन्यांत कार्यक्रम ठेवला तर वळीव आपोआप त्यात सामील होतो. वीज चमकते त्याच क्षणी एमडब्ल्यूवर कडाका ऐकू येतो आणि गडगडाट मागाहून येतो. दोहोंतील सेकंदांना तीनाने भागले की वीज किती किलोमीटरवर पडली ते कळते. दिसत नसलेल्या दूरच्या ढगांतील विजाही रेडिओवर ऐकू येतात. हे ऐकणे पक्क्या घरातच करावे, रेडिओ सेलवरचा असावा आणि बाहेर कोणतीही तार टांगू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेले दामिनी हे ॲप एखाद्याने मोबाइलवर उघडे ठेवावे आणि आसपास विजेचा इशारा दिसताच अंगणातला कार्यक्रम थांबवावा.

ध्वनिमुद्रण

प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला तारीख, वेळ, जागा, काट्याचा आकडा आणि लाइट होती की नव्हती हे तोंडाने सांगावे. याशिवाय नंतर एका खरखरीतून दुसरी ओळखता येत नाही. त्यातून दहा मिनिटांचा तुकडा काढून जवळच्या सामुदायिक केंद्राला ऐकवावा. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला 90.4 एफएमवर चालणाऱ्या माणदेशी तरंग वाहिनीसारख्या केंद्रांना स्थानिक आवाज हवेच असतात. मात्र खरखरीच्या आधी अर्ध्या मिनिटाचे निवेदन जोडावे, नाहीतर श्रोते आपलाच संच बिघडला असे समजून तो ठोकू लागतील. दुसऱ्या केंद्राचा कार्यक्रम त्यात ओळखू येईल इतका असेल, तर तो भाग वगळावा.

उसने आणलेले ट्रान्झिस्टर परत करण्यापूर्वी त्यांतील सेल काढून घ्यावेत. ते आत राहिले तर फुटून संपर्काच्या पट्ट्या खातात आणि पुढच्या वर्षी तो संच मिळत नाही.