लेकराला साखर सोसत नसेल तर

आईच्या दुधावर लेकरू टुणटुणीत, अन् वरचं सुरू झालं की हागवण लागते. असं घर दिसलं की मी आधी इचारते, वरचं म्हणजे नेमकं काय देता? दारव्हा तालुक्यात आशाचं काम करते मी. चहात बुडवलेलं बिस्कीट कोणी खाण्यात धरतच नाही, बाप्पा!

म्हणून वही करा. वेळ, काय खाल्लं, शी कशी झाली, एवढंच. एका आजीनं नातवाकडून लिहून घेतलेलं पाहा: "सकाळी ८, चहा-बिस्कीट. १०, पाण्यासारखी, फेस, आंबट वास, बूड लाल. दुपारी वरणाचं पाणी, काही नाही." डॉक्टरला यातच अर्धं समजते. ताप असला, शीत रक्त असलं, तर वही ठेवा बाजूला अन् लगेच दवाखाना गाठा. तसंही बहुतेक हागवण जंतूंचीच असते, जन्मतःच साखर न पचण्याचा हा आजार क्वचितच.

दुधातली साखर वेगळी, तिचं एन्झाइम, म्हणजे आतड्यात साखर फोडणारा पदार्थ, वेगळं. उसाची साखर अन् गूळ फोडायला सुक्रेज-आयसोमाल्टेज लागते. ते बनवायची माहिती तिसऱ्या गुणसूत्रावरच्या एसआय नावाच्या जनुकात असते. तिथं बदल झाला की एन्झाइम अर्धवट बनते, नाहीतर पेशीतच अडकते, आतड्याच्या काठावर पोचतच नाही. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पाणी ओढते, जंतू तिला आंबवतात.

बिघडलेलं जनुक बहुतेक वेळा आई अन् बाप दोघांकडूनही आलेलं असते. दोघांना सहसा त्रास नसतो, पण दर बाळंतपणात 4 मध्ये 1 शक्यता राहते. मामाच्या पोरीशी लग्न झालं असेल तर डॉक्टरला सांगा. अन् सुनेच्या दुधाला, पायगुणाला बोल लावू नका.

हागवणीत घरचं साखर-मिठाचं पाणी या लेकराला उलटं पडते. ओआरएसची पुडी द्या, तिच्यात ग्लुकोज असते, ते थेट शोषलं जाते. एक लिटरची पुडी एक लिटरातच घोळा. फळांच्या चवीचं तयार खोकं नको. आईचं दूध चालूच ठेवा.

शीतली साखर पाहायची साधी तपासणी सुक्रोज, म्हणजे हीच उसाची साखर, पकडत नाही, ती नॉर्मल आली तरी इचारायचं सोडू नका. श्वासाची तपासणी, दुर्बिणीनं आतड्याचा तुकडा काढून एन्झाइम मोजणं, जनुक तपासणी, यासाठी नागपूरला पोटाच्या बालतज्ज्ञाकडेच जावं लागते. सॅक्रोसिडेज नावाचं औषध आहे, अमेरिकेत 1998 मध्ये मंजूर झालं, पण महाग. मुख्य इलाज ताटातलाच.

साखर, गूळ, आंबा, केळं बंद. संत्र्यातही सुक्रोज बरंच, आपल्याकडं हे सांगणं जिवावर येते. द्राक्षं बहुतेकांना चालतात. भाकरी-भात किती सोसते ते लेकरागणिक वेगळं, थोडं-थोडं देऊन वहीत लिहा. वजन दर महिन्याला अंगणवाडीत करा. अन् खोकल्याचं, तापाचं गोड सिरप घेताना मेडिकलवाल्याला सांगा, बिनसाखरेचं दे, नाहीतर डॉक्टरला इचारून गोळी लिहून घ्या.