पूर उतरला, खाचराचं तोंड उघडलंत का?

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी चिपळूणच्या बाजारपेठेत घुसली ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. काठच्या मळ्यांकडे कोण बघतो? पण दर पुरानंतर मी एकच बघतोय, भात पुराने मरतं त्यापेक्षा जास्त नंतर साचलेल्या पाण्याने मरतं. नदी उतरली की माणसं घरातला चिखल काढायला लागतात, तो काढायलाच हवा, पण तिकडे भातखाचराच्या तोंडात, म्हणजे पाणी बाहेर जायच्या वाटेत, पेंढा, प्लास्टिक, गाळ अडकून तळं झालेलं असतं आणि पात आतल्या आत कुजत असते.

तर फावडं घेऊन आजच जा, उघडीप मिळायची वाट बघू नका. आधी फोटो काढा, पंचनाम्याला लागतात. मग सगळ्यात खालच्या खाचराचं तोंड पहिलं मोकळं करा, वरचं पहिलं फोडलंत तर सगळा लोंढा खालच्या मेरेवर (बांधावर) येतो आणि मेर खेकड्यांनी आधीच पोखरलेली. खाडीकाठी असाल तर ओहोटीला उघाडी (बांधातलं झडपेचं दार) बघून या, झडप अडकली असेल तर भरतीचं खारं पाणी आत येत राहणार.

रोप जगलंय का बघायचं तर पोगा (मधला कोवळा कोंब) चिमटीत धरून हलका ओढा. घट्ट, पांढरा असेल तर राहू दे, सुटून हातात आला आणि कुजका वास आला तर गेलं. हे पुस्तकात नाही, माझा अंदाज आहे. पातीवरचा गाळ सुकायच्या आत साध्या पाण्याने धुवा.

दुकानदार आता टॉनिकची बाटली पुढे करणार. पाण्यात उभ्या भाताला टॉनिक कसलं घालताय, आधी पाणी काढा! युरिया पण निचरा होऊन नवीन पात दिसल्यावरच, लावणीनंतर महिन्याने द्यायचा हप्ता गुंठ्याला ८७० ग्रॅम. कडा करपा (पातीच्या कडा वाळवणारा रोग) दिसला तर तोही थांबवा.

बाकी:
- नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरा, दाढ (रोपवाटिकेतली रोपं) उरली नसेल तर जगलेल्या चुडाचे (रोपांच्या झुबक्याचे) फुटवे काढून
- पूर्ण गेलं असेल तर हळव्या (लवकर येणाऱ्या) जातीचं रहू, म्हणजे मोड आलेलं बी चिखलात फेकून पेरणी, ऑगस्ट लागायच्या आत
- सुपारीला फळं सडवणाऱ्या कोळे रोगासाठी १ टक्का बोर्डो मिश्रण (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी), उघडीप बघून
- पुरानंतर ऊन पडलं की लष्करी अळी येते, संध्याकाळी बॅटरी घेऊन मेरा बघा

आणि पायाला चीर असेल तर गमबूट घालूनच उतरा. ताप आला तर अंगावर काढू नका, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो, आरोग्य केंद्रात जाऊन पुराच्या पाण्यात उतरलो होतो हे स्वतःहून सांगा.