दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेताना मेडिक्लेमचे काय?

गर्भाशय काढावे लागेल, गुडघा बदलावा लागेल असे डॉक्टरांनी सांगितले आणि लगेच जिवाला धोका नसेल, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेतही तो नमूद आहे. मात्र विमा कंपनीशी पुढे वाद होऊ नये असे वाटत असेल, तर काही गोष्टी आधीच पाहून ठेवाव्यात.

अनेक पॉलिसींमध्ये ‘सेकंड ओपिनियन’ची सोय असते. परंतु ती बहुधा कर्करोगासारख्या ठरावीक गंभीर आजारांपुरती आणि कंपनीच्या यादीतील डॉक्टरांकडूनच मिळते. हे डॉक्टर पुष्कळदा रुग्णाला न तपासता केवळ रिपोर्ट वाचून मत देतात. गाठीच्या निदानासाठी ते पुरेसे ठरू शकते, पण गुडघ्याच्या दुखण्यात रुग्णाला चालवून पाहणारा डॉक्टरच हवा.

स्वतः निवडलेल्या डॉक्टरांची फी साध्या पॉलिसीत बाह्यरुग्ण (म्हणजे दाखल न होता केलेल्या) खर्चात मोडते आणि मिळत नाही. अपवाद एवढाच, की त्याच आजारासाठी पुढे रुग्ण दाखल झाला आणि तो दावा मंजूर झाला, तर दाखल होण्यापूर्वीच्या ठरावीक दिवसांतील (बऱ्याच पॉलिसींत 30) तपासणी आणि सल्ल्याचा खर्च परत मागता येतो. हे दिवस दाखल झाल्याच्या तारखेपासून मागे मोजतात. म्हणजे शस्त्रक्रिया झाली तर फी मिळते आणि दुसऱ्या डॉक्टरांनी ती टाळली, कंपनीचे लाखभर रुपये वाचवले, तर फी रुग्णाच्याच खिशातून जाते! नियम असा असला तरी फी वाचवण्यासाठी दुसरे मत टाळणे महागात पडू शकते.

पहिल्या रुग्णालयाकडून कागदपत्रे लेखी अर्ज करून मागावीत. वैद्यकीय आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांनुसार ती 72 तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. एमआरआयचा केवळ छापील रिपोर्ट न नेता सीडी न्यावी आणि बायोप्सी झाली असेल तर स्लाइड (नमुन्याची काचपट्टी) व ब्लॉक (मेणात जतन केलेला नमुना) मागून घ्यावेत, कारण दुसरा पॅथॉलॉजिस्ट पुन्हा तपासतो तो नमुना. मूळ बिले आणि रिपोर्ट मात्र कोणाकडेही सोडू नयेत, झेरॉक्स द्याव्यात.

सर्वांत जास्त लक्ष द्यावे ते केसपेपरवरील पूर्वेतिहासाकडे. नव्या डॉक्टरांसमोर बसलेला नातेवाईक ‘हा त्रास जुनाच आहे’ असे सहज बोलून जातो, डॉक्टर ‘10 वर्षांपासून’ असे लिहितात, आणि प्रत्यक्षात पॉलिसी घेतल्यानंतर सुरू झालेला आजार कागदावर आधीपासूनचा ठरून दावा अडचणीत येतो. दावा तपासणारा अधिकारी नेमकी हीच ओळ शोधतो. काही लपवू नये, पण जुने रिपोर्ट पाहून तारीख नेमकी सांगावी, आणि नोंद चुकली असेल तर तिथल्या तिथे डॉक्टरांकडून सही-शिक्क्यासह दुरुस्त करून घ्यावी.

पहिल्या रुग्णालयाने कॅशलेससाठी पूर्वमंजुरी घेतली असेल आणि आता उपचार दुसरीकडे घ्यायचे असतील, तर ती मंजुरी रद्द केल्याचे पत्र पहिल्या रुग्णालयाच्या टीपीए डेस्ककडून (विमा दाव्यांचे काम पाहणाऱ्या कक्षाकडून) कंपनीला पाठवायला लावावे. नाहीतर विमा रकमेचा तेवढा भाग अडकून राहू शकतो आणि नवी विनंती रखडते. नव्या ठिकाणी खोलीभाड्याची मर्यादा पुन्हा तपासावी. तिथे ‘तपासण्यांसाठी दोन दिवस दाखल व्हा’ असे सांगितले, तर उपचार न होता केवळ निदानासाठी दाखल होणे बहुतेक पॉलिसींमधून वगळलेले असते, हे ध्यानात ठेवावे.

दोन मते परस्परविरोधी असतील तर शस्त्रक्रिया का आवश्यक आहे याचे कारण उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लेखी घ्यावे, कारण कंपनीचा पहिला प्रश्न तोच असतो. तरीही दावा नाकारला गेला तर कारण पॉलिसीच्या कलमासह लेखी मागावे आणि आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे दाद मागावी. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. महाराष्ट्रात लोकपालांची कार्यालये मुंबई, ठाणे आणि पुणे येथे असून तक्रारीसाठी वकील लागत नाही.